मुंबईची एकोणचाळीस मिनिटे

नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी उरकले पाहिजे, ही आपल्या घराघरांतली जुनी ताकीद. पण वाचकहो, सूर्योदय कोठला? दिवाळीच्या सुमारास आमच्या करमाडला सूर्य साडेसहाच्या आसपास वर येतो. त्या वेळी आसामातल्या दिब्रुगडला ऊन चढून तास उलटलेला असतो आणि द्वारकेचा माणूस अजून अंधारात बंब पेटवीत असतो. घड्याळ मात्र तिघांचे एकच!

शाळेच्या अंगणात सरळ काठी रोवून मी दरवर्षी मुलांकडून तिची सावली मोजवून घेतो. सर्वांत आखूड सावली बाराच्या ठोक्याला पडेल अशी पोरांची खात्री असते, आणि काही केल्या ती तशी पडत नाही. दिवाळीच्या दिवसांत ती बारा वाजून बारा मिनिटांनी पडते, तर संक्रांतीला बारा वाजून सदतीस मिनिटांनी. सूर्याभोवतीची पृथ्वीची चाल वर्षभर सारखी नसते आणि तिचा आसही कललेला आहे, म्हणून हा फरक. वर्षाची सरासरी काढली तर करमाडची खरी दुपार घड्याळाच्या मागे अठ्ठावीस मिनिटे आहे. याचे कारण असे की आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखेवर लावलेले आहे, आणि सूर्याला एक रेखांश ओलांडायला चार मिनिटे लागतात.

पूर्वी ही भानगडच नव्हती. घटिकापात्र पाण्यात बुडाले की घटका भरली, म्हणजे आपली चोवीस मिनिटे झाली. सूर्योदय ज्याचा त्याच्या गावचा. ज्योतिषांना गणितापुरती एक रेषा लागे. ती त्यांनी लंका, उज्जयिनी आणि मेरू अशी कल्पिली होती. गंमत अशी, की उज्जैन आणि करमाड यांच्या दुपारीत जेमतेम एका मिनिटाचे अंतर आहे. उज्जयिनीची रेषा आजही चालू असती तर आमच्या पोरांची काठी थोडीफार खरी ठरली असती.

मोडता घातला तो आगगाडीने. बैलगाडीला मिनिटांशी कर्तव्य नसते. पण एकाच रुळावर समोरासमोर गाड्या सोडायच्या, तर दोन्ही स्टेशनमास्तरांचे घड्याळ एकच हवे. मद्रासला जुनी वेधशाळा होती, आणि तिची वेळ मुंबई व कलकत्ता यांच्या मध्ये पडे. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ पत्करली. मनमाडहून निजामाच्या राज्यात येणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास आमच्या बाजूला आला. मद्रासची वेळ करमाडच्या सूर्यापुढे एकोणीस मिनिटे. सरकारी कागदावर फसली साल, देवळात शालिवाहन शक आणि गाडीला मद्रासची वेळ! आमच्या आजे-पणज्यांनी हे सारे एकदम कसे निभावले असेल, कोण जाणे.

खरी लढाई जुंपली ती मुंबईत. मुंबईची स्वतःची वेळ मद्रासच्या मागे तीस मिनिटे होती. पुण्याच्या कॉलेजामुळे ज्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, त्या गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ च्या डिसेंबरात सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावली. व्यापाऱ्यांनी आणि नागरिकांनी ती मानली नाही. एकाच शहरात दोन वेळा चालू झाल्या, आणि १८८३ मध्ये सरकारला हुकूम मागे घ्यावा लागला.

पुढे १९०५ मध्ये रेल्वेने आणि १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सबंध हिंदुस्थानासाठी ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची वेळ ठरवली. मुंबईला घड्याळाचे काटे एकोणचाळीस मिनिटे पुढे ढकलायचे होते. नुकतीच बंगालची फाळणी झाली होती. सरकारच्या हातून आलेली चांगली वस्तूही लोकांना संशयास्पद वाटावी, असे ते दिवस. पण गिरणीतल्या माणसाचा राग निराळ्या ठिकाणचा होता. जानेवारीत मुंबईला सूर्य नव्या वेळेने सव्वासातच्या सुमारास उगवतो. भोंगा घड्याळाच्या त्याच आकड्यावर वाजणार असेल, तर कोकणातून आणि घाटावरून आलेल्या त्या माणसाने थंडीत एकोणचाळीस मिनिटे आधी चाळीतून बाहेर पडायचे. ही मिनिटे कोणाच्या झोपेतून जाणार होती, ते कोणी सांगायला नको. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात हजारो कामगारांनी मागांवर जाण्याचे नाकारले आणि गिरण्यांवर दगडफेक केली. पंधरा हजारांवर लोकांनी अर्जांवर सह्या केल्या. लोकांच्या संमतीवाचून वेळ बदलू नये, अशी बाजू फिरोजशहा मेहतांनी मांडली. म्युनिसिपालिटीने आधी स्वीकारलेली नवी वेळ काही महिन्यांतच टाकून दिली आणि मुंबईची वेळ पुन्हा लावली. स्वातंत्र्य आले तरी मुंबईतल्या काही घड्याळांत ती एकोणचाळीस मिनिटे जिवंत होती. कलकत्त्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही.

दगडफेकीचे समर्थन मी करणार नाही. पण गिरणीवाल्यांनी भोंग्याची वेळही तेवढीच पुढे नेली असती तर भांडणाचे निम्मे कारण उरले नसते, असे मला वाटते.

जगात याचे सगळेच मासले पाहायला मिळतात. रशियात अकरा वेळा आहेत. चीन एवढा अवाढव्य, तरी १९४९ पासून पेकिंगची एकच वेळ. पश्चिमेकडच्या सिंक्यांगात लोक घरगुती व्यवहाराला दोन तास मागची वेळ धरतात. आपल्याकडे आसामातल्या चहाच्या मळ्यांत इंग्रजांच्या काळापासून ‘बागान टाइम’ आहे, देशाच्या घड्याळाच्या एक तास पुढे. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ईशान्येला साडेसहा तासांची वेगळी वेळ द्यावी असे सुचवले. तिकडे कचेऱ्या उघडेपर्यंत निम्मी सकाळ सरते आणि थंडीत शाळा सुटते न सुटते तोच दिवे लागतात. दोन वेळांची हद्द लागेल तेथे आगगाड्यांचा घोटाळा होईल, हा त्यावरचा मोठा आक्षेप. म्हणजे गाडीपायी एक झालेली वेळ गाडीपायीच पुन्हा वेगळी होऊ शकत नाही. मळेवाल्यांनी मात्र कोणाच्या मंजुरीची वाट पाहिलेली नाही. त्यांची घंटा अजून आपल्या तासभर आधी वाजते.