किंगरीवरचा इतिहास

अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील सरकारांमध्ये कळंबचे नाव आहे. आजच्या यवतमाळ जिल्ह्यातले हेच कळंब. दरबारी लेखणीने या मुलखाचा महसूल टिपला. इथल्या गोंडांचा इतिहास मात्र प्रधानांच्या किंगरीवर राहिला. यजमानाच्या दारी जाऊन त्याच्या कुळाची, देवांची कथा गाणे हा प्रधानांचा वंशपरंपरागत मान होता आणि पोटाचा आधारही.

या कथांतली थोर कथा पारी कुपार लिंगोची. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडून दारावर शिळा लावली आणि लिंगोने त्यांना सोडवले, असे तिचे एक रूप आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ते उतरवून घेतले. १८६३ साली त्यांचा मृत्यू झाला. पुढे १८६६ साली रिचर्ड टेम्पल यांनी त्यांचे लेखन संपादून छापले. १८७१ साली जेम्स फोर्सिथ यांनी तीच कथा अमेरिकन कवी लाँगफेलोच्या ‘हायावाथा’च्या छंदात इंग्रजी वाचकांपुढे ठेवली. मिशनऱ्याचे नाव झाले, अधिकाऱ्यांचे झाले. गाणारा ‘एक प्रधान’ एवढाच उरला.

गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेशी जोडलेल्या रूपात मात्र वादकालाच मोठे स्थान आहे. हिरासुकाच्या किंगरीने कोंडलेल्या मुलांना बळ येते, शिळा सरकते आणि तिच्याखाली हिरासुकाच चिरडला जातो. इतरांचे दार उघडणारा स्वतः दाराशीच संपतो. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी लिंगोवर हिंदीत ग्रंथ लिहिला, तेव्हा समाजातल्याच माणसाच्या हाती लेखणी आली होती.

पैनगंगेपलीकडे आदिलाबादेत अधिकारी असताना सेतुमाधवराव पगडी गोंडी आणि कोलामी शिकले. उर्दू कविता मराठीत आणणाऱ्या या माणसाला भाषेचा मान ठाऊक होता. यवतमाळच्या पोडांवरील कोलामांची कोलामी गोंडीहून वेगळी आहे. दोघांच्या कथा ‘आदिवासी लोककथा’ या एकाच गाठोड्यात बांधणे हा अन्यायच आहे.

आज प्रधानांच्या घरांत बहुतांशी मराठी बोलली जाते. यजमानाची जमीन गेली की गायकाचा दाणाही आटतो. मग कथा पुस्तकात राहते, पण गाणारा गळा उरत नाही.

आपल्याकडेही दर्ग्यांच्या आख्यायिका, फकिरांची गाणी, लग्नघरातले बायकांचे गीत अजून तोंडोतोंडीच आहे. ते जरूर लिहावे, आजच्या वाचकासाठी सोपेही करावे. पण सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि बोली त्याच पानावर असावी. ते गाळले, तर आपणही गायकाला ‘एक प्रधान’ करून ठेवू.