खोक्यावरचं आकाश : लेगोच्या जुन्या अंतराळमालेकडे पुन्हा पाहताना



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला विचारलं, की सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता उतारवयात खेळण्यांवर बोलणार? मी म्हटलं, हो, आणि खेळण्याच्या खोक्यावरही बोलणार. कारण इतिहास म्हणजे फक्त ताम्रपट आणि तहनामे नव्हेत. एखाद्या काळातल्या मोठ्या माणसांना आपल्या मुलांनी भविष्याबद्दल काय समजावं असं वाटत होतं, हे बघायचं असेल तर त्या काळातली खेळणी बघावीत. त्यावर जे असतं ते कुणी इतिहासकारासाठी लिहिलेलं नसतं, म्हणून ते जास्त विश्वासार्ह असतं.

तर विषय आहे लेगो या डॅनिश कंपनीने १९७८ पासून काढलेली अंतराळमाला. निळी-करडी यानं, पिवळ्या पारदर्शक काचा, लाल आणि पांढऱ्या पोशाखातले अंतराळवीर. तुमच्यापैकी चाळिशी-पन्नाशीतले जे परदेशी वाढले, किंवा ज्यांचे काका-मामा परदेशी होते, त्यांना ही माला आठवत असेल.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाचं गाव आहे. तिथे ओले किर्क क्रिस्तियान्सेन हे सुतार होते. १९३२ साली, म्हणजे जागतिक मंदीच्या ऐन भरात, घरबांधणीची कामं मिळेनात म्हणून त्यांनी लाकडी खेळणी करायला घेतली. १९३४ साली नाव ठेवलं लेगो. डॅनिशमध्ये 'लाय गोट' म्हणजे 'छान खेळा', त्यातली आद्याक्षरं जोडून झालेलं हे नाव. १९४९ साली त्यांनी प्लॅस्टिकचे ठोकळे काढले, पण ते एकमेकांना नीट धरून राहत नसत. २८ जानेवारी १९५८ रोजी ओले यांचे चिरंजीव गॉटफ्रेड यांनी नव्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. वर गोल खुंट्या आणि आत पोकळ नळ्या. त्यामुळे ठोकळा घट्ट बसतो, आणि मुलाच्या हातानेही सुटतो. घट्ट बसणं आणि सहज सुटणं, हे दोन्ही एकाच वेळी साधलं. माझ्या मते त्या खेळण्याचं सगळं तत्त्वज्ञान याच गोष्टीत आहे. १९६० साली लाकडी खेळण्यांच्या गोदामाला आग लागली आणि कंपनीने लाकूड सोडलंच. १९६३ पासून जास्त टिकाऊ प्लॅस्टिक वापरायला सुरुवात झाली.

आठ खुंट्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले, तर ते किती प्रकारे जोडता येतात, माहीत आहे? गणितज्ञांनी संगणकावर मोजलं आहे. एक्क्याण्णव कोटींहून जास्त. नेमका आकडा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत येऊ.

आता १९७८ कडे वळू. त्या वर्षी लेगोने हातपाय हलवणारा छोटा माणूस आणला. येन्स न्यूगॉर्ड क्नुडसेन नावाच्या डिझायनरांचं हे काम. पिवळा चेहरा, दोन टिंबं म्हणजे डोळे, एक कमान म्हणजे हसू. बस्स. ना वंश, ना वय. तो हसरा चेहरा पुढची दहा-अकरा वर्षं तसाच राहिला. १९८९ साली समुद्री चाच्यांची माला आली, तेव्हा दाढीमिशा आणि डोळ्यावरची पट्टी अवतरली. हा माणूस तीन जगांत ठेवला गेला : शहर, किल्ला आणि अंतराळ. म्हणजे वर्तमान, भूत आणि भविष्य. बघा, काळाची तीन टोकं एकाच मापाच्या माणसाने व्यापली. अंतराळाचं कामही क्नुडसेन यांनीच केलं. २०२० साली ते गेले.

यातलं सर्वांत नावाजलेलं यान १९७९ चं, 'गॅलेक्सी एक्सप्लोरर'. एकूण ३३८ तुकडे. चार अंतराळवीर, दोन लाल, दोन पांढरे. यानाची मागची बाजू उघडली की आत एक छोटी गाडी. सोबत खड्डे असलेला चंद्रभूमीचा पत्रा आणि यान उतरवायचा चौथरा.

आता माझा मुख्य मुद्दा. ही साल जरा नीट बघा. माणूस चंद्रावर उतरला जुलै १९६९ मध्ये. शेवटचा माणूस तिथून परतला डिसेंबर १९७२ मध्ये. त्यानंतर कुणी गेलं नाही. १९७९ च्या जुलैमध्ये काय झालं होतं आठवतं? स्कायलॅब पडली! आपल्याकडे लोकांची काय घाबरगुंडी उडाली होती. आमच्या आळीतल्या एका आजींनी तर 'आता काय राहिलंय' म्हणून साठवणीचं तूप काढून सगळ्यांना वाढलं होतं. म्हणजे खऱ्या जगात आकाशातून प्रयोगशाळेचे तुकडे खाली पडत होते, आणि त्याच वर्षी खेळण्याच्या खोक्यावर चार माणसं हसत हसत चंद्रावर गाडी चालवत होती.

म्हणून मी म्हणतो, की ही माला 'उद्या'चं चित्र म्हणून विकली गेली, पण ते मुळात 'काल'चं चित्र होतं. १९६० च्या दशकातला जो आशावाद मोठ्यांच्या जगात ओसरला होता, तो मुलांच्या खोलीत जाऊन राहिला. असं इतिहासात अनेकदा होतं. तलवारी लढाईतून गेल्या, की दसऱ्याला लाकडाच्या होऊन पोरांच्या हातात येतात.

आता खोक्याकडे या. पहिली गोष्ट, खोक्यावरचं दृश्य हे मुळात छायाचित्र आहे. खरं जोडलेलं यान खड्ड्याखड्ड्यांच्या देखाव्यावर ठेवून, मागे अंधारं आकाश घेऊन, फोटो काढला आहे. हे महत्त्वाचं का? जुन्या मेकॅनोच्या पेट्या आठवा. झाकणावर रंगवलेली भली मोठी क्रेन, शेजारी कौतुकाने बघणारी मुलं. प्रत्यक्षात छोट्या पेटीतल्या पट्ट्यांमधून ती क्रेन कधी होत नसे. इथे तसं नाही. जे दिसतं ते आतल्या तुकड्यांतून होतं. खोकं खरं बोलतं. खोटं आहे ते फक्त आकाश.

दुसरी गोष्ट, त्या चित्रात शत्रू नाही. १९७७ साली 'स्टार वॉर्स' येऊन गेला होता, सगळ्या जगात लेझर बंदुकांची हवा होती. आणि इथे बघावं तर अँटेना, रडार, गाडी, हातात बोलायचं यंत्र. सगळी माणसं काहीतरी शोधताहेत, दुरुस्त करताहेत, वाहून नेताहेत. गॉटफ्रेड यांचा युद्धाच्या खेळण्यांना विरोध होता, त्याचा हा परिणाम. मुलं अँटेनाची बंदूक करतच असणार, मुलं ती मुलंच. पण ते मुलाने ठरवायचं होतं, खोक्याने सांगितलेलं नव्हतं. हा फरक मला मोठा वाटतो. पुढे १९८७ साली 'ब्लॅकट्रॉन' ही काळ्या यानांची टोळी आली, १९८९ साली तिला पकडायला अंतराळातले पोलीस आले, तुरुंगाच्या कोठडीसकट. आणि १९९९ साली कंपनीने 'स्टार वॉर्स'चाच परवाना घेतला. म्हणजे वीस वर्षांत अंतराळात टोळी आली, पोलीस आले, शेवटी युद्ध आलं. यात कंपनीला एकटीला दोष देऊ नका. गोष्ट हवी म्हटलं की भांडण लागतं, ही आपल्या सगळ्यांचीच सवय आहे.

तिसरी गोष्ट खोक्याच्या मागच्या बाजूला. तिथे त्याच तुकड्यांतून केलेली दुसरी यानं, दुसऱ्या गाड्या दाखवलेल्या असत. पण त्यांच्या जोडणीची पुस्तिका आत नसे. फक्त फोटो. कसं करायचं ते तुमचं तुम्ही बघा! पुढची बाजू म्हणते 'असं कर', मागची बाजू म्हणते 'असंही होतं, बघ जमतंय का'.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. खरं तर याच्यासाठीच मी हा विषय घेतला.

माझा मेहुणा बोटीवर नोकरीला होता. १९८२ च्या सुमारास त्याने युरोपातून माझ्या मुलासाठी हे यान आणलं. मुलगा सात वर्षांचा. मी तेव्हा वर्गात रोलाँ बार्थ शिकवत होतो. या फ्रेंच विचारवंताचं 'मायथॉलॉजीज' हे पुस्तक १९५७ सालचं, त्यात खेळण्यांवर एक छोटा लेख आहे. त्याचा सारांश असा, की आजची खेळणी मुलाला निर्माता न करता वापरणारा करतात, मोठ्यांचं जग तयार स्वरूपात त्याच्या हातात देतात. शिवाय प्लॅस्टिकबद्दल त्याला तिटकारा आणि लाकडाबद्दल प्रेम. मला हे फार पटलेलं होतं. त्यामुळे ते चकचकीत खोकं घरात आलं तेव्हा मी बायकोला एक व्याख्यानच दिलं. ती म्हणाली, "अहो, त्याला आधी उघडू तर द्या."

मुलाने दोन दिवसांत पुस्तिका बघून यान जोडलं. आठवडाभर मिरवलं. मग एका रविवारी ते सगळं मोडलं आणि काहीतरी लांबट डबा केला. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, "एसटी आहे बाबा. चंद्रावरून कोल्हापूरला जाते." वर टपावर एक अंतराळवीर उलटा बसवलेला. तो म्हणे सामान चढवतोय.

आणि मी काय केलं? मी, बार्थ शिकवणारा माणूस, त्याला रागावलो. एवढं महागाचं खेळणं, मामाने एवढ्या लांबून आणलं, आणि तू त्याचा सत्यानाश केलास. मी खोकं त्याच्यासमोर धरलं, चित्रावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे असं दिसलं पाहिजे." त्याने मुकाट्याने एसटी मोडून यान पुन्हा जोडलं. ते मग बरीच वर्षं शोकेसमध्ये राहिलं. त्याला पुन्हा कुणी हात लावला नाही.

हे मला इतक्या वर्षांनी कळलं. मागच्या दिवाळीत माळ्यावरून ते खोकं खाली काढलं. त्यात आता पणत्या असतात. पणत्या बाहेर काढताना सहज मागची बाजू बघितली आणि मी तिथेच बसलो. १९८२ साली मी त्याला फक्त पुढची बाजू दाखवली होती. मागची बाजू मी बघितलीच नव्हती. त्याने बघितली होती.

परत येऊन बार्थचा तो लेख काढून वाचला. त्यात त्याने ठोकळ्यांना अपवाद केलेलं आहे! साधे ठोकळे मुलाला जग निराळ्या रीतीने शिकवतात, अशा अर्थाचं म्हटलं आहे. मी तो लेख वर्षानुवर्षं शिकवला आणि नेमकी ती ओळ ओलांडून जात राहिलो. बार्थच्या खूप आधी जर्मनीत फ्रोबेल यांनी बालवाडीची कल्पना मांडली, तेव्हा मुलांच्या हाती लाकडी ठोकळेच दिले होते, तेही याच विचाराने. जोडावं, मोडावं, परत जोडावं. मोडणं हा त्या शिक्षणाचाच भाग.

तेव्हा हुकूमशाही खेळण्यात नव्हती, खोक्यावरच्या चित्रात नव्हती. ती चित्राकडे बोट दाखवणाऱ्या बापात होती. कोणतंही चित्र, कोणताही ग्रंथ हा पुढची आणि मागची बाजू घेऊनच येतो. आपण मुलाला कुठली दाखवतो, हा प्रश्न आहे. शिक्षक मंडळी इथे बसली आहेत, त्यांनी हे जरूर मनावर घ्यावं.

आता शेवट. २०२२ साली कंपनीला नव्वद वर्षं झाली, तेव्हा 'गॅलेक्सी एक्सप्लोरर' पुन्हा काढलं. आकाराने दीडपट, तुकडे १२५४, आणि खोक्यावर वय लिहिलं आहे अठरा वर्षांपुढे. जे मुलांचं होतं ते आता मोठ्यांचं झालं. नव्या यानातून पर्यायी मॉडेलंही होतात, पण त्यांच्या जोडणीच्या सूचनाही आता मिळतात. सोय झाली, यात शंका नाही. पण मागच्या बाजूलाही आता 'असं कर' आलं.

जुन्या अंतराळवीरांच्या हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी फार पातळ होती, ती हमखास तुटे. २०१४ च्या लेगोच्या चित्रपटात निळा अंतराळवीर तुटक्या हेल्मेटचाच दाखवला आहे, आणि सगळ्या जगातली मोठी झालेली मुलं ते बघून ओळखीचं हसली. आमच्या शोकेसमधल्या चौघांची हेल्मेटं मात्र धड आहेत. चांगली धड आहेत. मला त्याचं आता वाईट वाटतं.

मुलगा आता पन्नाशीकडे आला, बाहेरगावी असतो. त्याला फोन करून मी एसटीबद्दल विचारलं. त्याला ती आठवतच नव्हती. यान आठवत होतं. एक्क्याण्णव कोटी शक्यता म्हणालो ना मघाशी, तेही फक्त सहा ठोकळ्यांच्या. त्यातली एक त्याने स्वतः शोधली होती, आणि ती मी त्याच्या आठवणीतूनही पुसली.

गेल्या महिन्यात नात आली होती. शोकेस उघडून यान तिच्या हातात दिलं. म्हटलं, मोड. ती म्हणाली, "आजोबा, मोडू? नक्की?" म्हटलं, नक्की. खोकं मी माळ्यावरच ठेवलं होतं.

इथे थांबतो.