कपाळावरचा आकडा

आमच्या वेळी मॅट्रिकच्या निकालाबरोबर कपाळावर जो आकडा बसे, तो पेन्शनीपर्यंत पुसला जात नसे. माझा आकडा ४८ टक्के. त्याने मला कचेरीत चिकटवलं आणि त्यानेच बढतीच्या वेळी दाराबाहेर बसवलं. म्हणून १९९९ साली, फंडाच्या पैशांतून घेतलेल्या कॉम्प्युटरकडे बघत भाचा म्हणाला, "मामा, याच्यावर ३०० लिहिलंय खरं, पण हा ४५० चा गडी आहे," तेव्हा मला त्या यंत्राचा हेवाच वाटला.

मदरबोर्डवर, मनगटी घड्याळात असतो तसा, क्वार्ट्‌झचा एक स्फटिक असतो. टाळाच्या ठेक्यावर दिंडी चालावी, तसा त्याच्या ठेक्यावर सगळा कारभार चालतो. ठेका जलद केला की दिंडी पळते. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आणि हा चावटपणा बराच जुना आहे.

१९८४ साली आयबीएमने 'एटी' नावाचा कॉम्प्युटर काढला. प्रोसेसर ६ मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला साठ लाख ठेके. स्फटिक १२ मेगाहर्ट्‌झचा. वेग त्याच्या निम्मा. पण हा स्फटिक खोबणीत नुसता खोचलेला! हौशी लोकांनी तो उपटून १६ चा खोचला आणि प्रोसेसर ८ वर पळू लागला. कंपनीला हे काही रुचलं नाही. पुढच्या यंत्रांत तिने अशी तपासणी घातली, की वेग ठरल्यापेक्षा जास्त दिसला तर यंत्र सुरूच होऊ नये. जास्त काम केल्याबद्दल मेमो मिळण्याचं हे मला ठाऊक असलेलं दुसरं उदाहरण. पहिलं आमच्या कचेरीतलं.

आमच्या यंत्रातला प्रोसेसर म्हणजे इंटेलचा सेलेरॉन ३००ए. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने दोन भावंडं एकदमच बाजारात आणली. थोरला पेन्टियम टू ४५०, घाऊक किंमत ६६९ डॉलर. धाकटा हा सेलेरॉन, १४९ डॉलर. थोरल्याला मदरबोर्डकडून १०० चा ठेका मिळे आणि तो त्याच्या साडेचारपट पळे, झाले ४५०. धाकटाही साडेचारपटच पळे, पण त्याला ठेका ६६ चा, म्हणून ३००. आता धाकट्यालाही १०० चा ठेका दिला तर? हिशेब चौथीतल्या पोराला जमावा असा होता, आणि जगभरच्या पोरांनी तो केला.

यात लबाडी नव्हती हो. कारखान्यात चिपा तपासून त्यांच्यावर वेगाचा शिक्का मारतात. पण कारखान्याचा हात बसला की बहुतेक चिपा वरच्या वर्गात पास होऊ लागतात, आणि बाजाराला तर स्वस्त मालही हवा असतो. मग वरच्या वर्गातल्यांनाही खालचा शिक्का बसतो. भाच्याने हे सांगितलं तेव्हा माझा हात आपोआप कपाळाकडे गेला.

प्रोसेसरच्या कडेला बी २१ नावाची एक चिमुकली पट्टी असते. तिच्यावरून मदरबोर्डला कळतं, की आलेला गडी ६६ वाला आहे. ती झाकली की मदरबोर्ड त्याला १०० वाला समजतो. कोणी सेलोटेप लावत, कोणी नेलपॉलिश. (पुढे २००० साली एएमडीच्या ॲथलॉनवर लोकांनी शिसपेन्सिलीने रेघा ओढून पट बदलायची सोय करून घेतली.) भाच्याने मामीची लाल बाटली पळवली, पट्टी रंगवली आणि बटण दाबलं.

पंखा फिरला, पडदा काळाच राहिला, आणि पोटातून बीप-बीप ऐकू आलं. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो. तो काढून परत बसवला की बोर्ड मधल्या काळातल्या सूचना विसरतो. तेही केलं. बोर्ड विसरला, बीप विसरला नाही. आमच्या सौ.नी विचारलं, "आधी चालत होता ना?" या प्रश्नाला विज्ञानाकडे उत्तर नाही.

तिसऱ्या दिवशी चोर सापडला. बिचाऱ्या प्रोसेसरचा काही दोष नव्हता. ठेका वाढला तो मेमरीचाही, आणि आमची मेमरी ६६ चीच. एकटा कारकून तडफदार निघून भागत नाही, शेजारच्या टेबलावरूनही फाइल वेळेवर यावी लागते. लॅमिंग्टन रोडवर जाऊन १०० वाली मेमरी आणली, त्यात वाचवलेले बरेचसे पैसे गेले, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ४५०. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

मे महिन्यात मात्र दुपारी तीनच्या सुमारास यंत्र थिजू लागलं. वेग वाढला की उष्णता वाढते, आणि वेगासाठी व्होल्टेज चढवलं तर ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शेवटी कॉम्प्युटरचं झाकण काढून टेबलफॅन त्याला दिला. मी पुठ्ठ्याने वारा घेत बसलो.

याच जोरावर भाच्याने मित्राच्या सेलेरॉनलाही लाली लावली. तोच प्रोसेसर, तसाच बोर्ड, मेमरीही १०० ची. तो ४५० वर काही केल्या उठेना. त्याच्यापुरता शिक्का खरा होता.

२००८ पासून इंटेलने, गरज पडली आणि चिप थंड असली तर तिने आपणहून वेग वाढवावा अशी सोयच करून दिली. २०२२ मध्ये हौशी मंडळींनी द्रव हेलियम ओतून एक प्रोसेसर क्षणभर ९ हजार मेगाहर्ट्‌झच्या पुढे नेला. आमचा सेलेरॉन २००६ साली भंगारवाल्याकडे गेला. सात वर्षं ४५० वर राबला, तरी अंगावरचा छाप शेवटपर्यंत ३०० चाच.

मला कोणी नेलपॉलिश लावून पाहिलं नाही. लावलं असतं तर पळालो असतो, की त्या मित्राच्या सेलेरॉनसारखा बसून राहिलो असतो, कोण सांगणार? हा प्रश्न मी एकदा मोठ्याने विचारला. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आधी मेमरी बदलावी लागली असती. परवा सांगितलेली कोथिंबीर अजून आलेली नाही."