चोविसावं लेणं

सिल्लोडच्या स्टँडवर जळगावकडे जाणारी गाडी पकडा. गोळेगाव मागे पडतं, मग अजिंठा गाव. हे गाव सिल्लोड तालुक्यातलं. लेण्यांना नाव त्याचं लागलं, लेणी मात्र पलीकडे सोयगावच्या हद्दीत. आता घाट. एकेका वळणाबरोबर एकेक सन मागे टाकत चला. १९८३ : लेणी जागतिक वारशाच्या यादीत. २८ एप्रिल १८१९ : वाघाच्या शिकारीला आलेला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी दहाव्या लेण्यातल्या बोधिसत्त्वाच्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख खरडतोय. (शोध लावणाऱ्याने आधी हेच केलं!) थांबू नका, अजून खाली.

उतरा. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध, वाकाटक राजा हरिषेणाचा काळ. वाघूर नदी घोड्याच्या नालेसारखी वळलीय आणि वरच्या कड्यातून घणांचा आवाज येतोय. एका ओसरीत भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे घालून मातीचा गिलावा मळणं चाललंय. गेरू, पिवडी, काजळी इथलीच. निळा लाजवर्द मात्र अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला.

तुम्ही चोविसाव्या लेण्यात शिरा. आत परांची नाही, कारण तिची गरजच नाही : छत आधी, जमीन शेवटी. पाथरवट समोरून समांतर चर खणत आत जातात, मग मधले उरलेले दगडी कणे फोडतात. खांब जिथे हवा तिथला दगड तेवढा राखतात. बांधकामात चुकलेली वीट काढता येते. इथे खांबाचा दगड एकदा फुटला की फुटला. म्हणजे सबंध दालन दगडात दिसण्याआधी कुणाच्या तरी डोक्यात उभं असायला हवं. पुऱ्या झालेल्या लेण्यांत ही करामत घोटून गुळगुळीत झालीय. इथे ती उघडी आहे, म्हणून मला हेच लेणं जास्त थक्क करतं.

हे सगळं कशासाठी? उत्तर हवं तर शेजारी जा. सव्विसाव्या लेण्यात भिक्षू बुद्धभद्राने ते कोरवून ठेवलंय : जगात आठवण आहे तोवर माणूस स्वर्गसुख भोगतो, म्हणून डोंगरात चंद्र-सूर्याइतकं टिकणारं स्मारक करावं. लहान दात्यांचे लेख वेगळं मागतात. आपल्या दानाचं पुण्य सर्व प्राणिमात्रांना ज्ञान मिळण्यासाठी लागो, म्हणतात. मला हे दुसरं मागणं मोठं वाटतं.

घाम पुसणाऱ्या पाथरवटाला विचारलंत, तर? त्याने काही लिहून ठेवलेलं नाही. मजुरी म्हणावं की श्रद्धा, की हातातल्या कसबाचा नाद? कुठलंही उत्तर त्याच्या तोंडी घालणं अन्यायाचं होईल. त्याचं म्हणून एवढंच हाती लागतं : छिन्नीचे घाव.

वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाच्या मते हरिषेण ४७७च्या सुमारास गेला आणि मोठ्या दात्यांचं पाठबळ आटलं. चोविसाव्यात तर कणे फोडायचेच राहिले.

गर्दी पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे थबकते, आणि थबकावंच. पण चोविसावं पाहिल्याशिवाय परतू नका. सोमवारी मात्र जाऊ नका. लेणी बंद असतात.