बागेच्या आधी पाणी

पुण्याच्या जुन्या बागांचा इतिहास सांगताना माणसांची नावे आधी घेतली जातात: नानासाहेब पेशवे, सर जमशेटजी जीजीभाई, व्हिक्टोरिया राणी. पण सारसबाग आणि बंड गार्डन कुठे वसल्या आहेत हे पाहिले की एक वेगळा क्रम दिसतो. मुळा-मुठेच्या खोऱ्यात आधी पाणी अडवले गेले, वळवले गेले, आणि त्या कामांच्या मागोमाग बागा आल्या. बागेची आवड नंतरची. जागा ठरवली ती पाण्याने.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा सारसबागेतच आहे. कात्रजच्या डोंगरातून उतरणारा आंबिल ओढा नानासाहेबांच्या काळात वळवला गेला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले. त्यात एक बेट राखले होते, त्याचे नाव सारस. १७८४ मध्ये, सवाई माधवरावांच्या काळात, तिथे सिद्धिविनायकाची स्थापना झाली. भोवतीचे तळे कधीच गेले, तरी जुने पुणेकर आजही त्याला ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. बागेत शिरल्यावर जमिनीची पातळी नीट पाहावी. हिरवळ खाली पसरलेली आहे आणि देऊळ उंचवट्यावर. हा उंचवटा म्हणजे ते बेट, आणि विसाव्या शतकात जिथे हिरवळ लावली तो तळ्याचा तळ. बागेची आखणी करणाऱ्यांना ही रचना आयती मिळाली होती. यावर कुणी म्हणेल की तळे हौसेखातरच बांधले होते. नौकाविहार होता, काठावर हिराबाग होती. हौस होती, हे खरेच. पण याच नानासाहेबांनी कात्रजच्या तलावांचे पाणी जमिनीखालच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत आणले. वाढत्या पेठांना पाणी हवे होते आणि पावसाळ्यातल्या ओढ्याला वेगळी वाट. हिराबागेची शोभा या व्यवस्थेच्या आधाराने उभी राहिली.

बंड गार्डनबद्दलचा आक्षेप जास्त वजनदार आहे. ही छावणीतल्या गोऱ्यांची संध्याकाळी फिरायची जागा, तिचा घाट विलायती, मग पाण्याचा संबंध कसला? पण बागेचे नावच बंधाऱ्यावरून पडले आहे. जमशेटजींच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुळा-मुठेवर बंधारा झाला, तो पिण्याच्या पाण्यासाठी. बंधाऱ्यामुळे नदीचे पात्र वर्षभर भरलेले राहू लागले, आणि भरल्या पात्राकाठी फिरायला जावेसे वाटते. शेजारचा फिट्झजेराल्ड पूल, दोन्ही टोकांना सिंह बसवलेला, १८६७ चा. विलायती घाट मान्य केला तरी तो नेमका याच वळणावर का आला, याचे उत्तर बंधाऱ्यातच मिळते.

हा क्रम विसरल्याची किंमत शहराने मोजली आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि मुठेने काठच्या पेठांमधून आपली जुनी रुंदी परत घेतली. त्या आपत्तीला धरण फुटल्याचे कारण तरी होते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तो नुसत्या पावसाने, आणि त्यात माणसे गेली. ज्या ओढ्यासाठी पेशव्यांनी तळ्याएवढी जागा राखली होती, त्याच्या काठांवर आता भिंती आणि घरे आहेत. शहर वाढले, जागा कुठून आणायची, हा प्रश्न खोटा नाही. पण हिरवळीवर पाणी चढले तर दोन दिवसांत ओसरते, घरात चढले तर संसार वाहून जातो. खोलगट जमीन बागेसाठी मोकळी ठेवणे ही शहराची सर्वांत स्वस्त पूरव्यवस्था आहे. नदीकाठ सुधार प्रकल्पात आता बंड गार्डनजवळ दगडी काठ आणि पायऱ्या बांधल्या गेल्या आहेत. त्या देखण्या आहेत की नाहीत, यावर शहरात पुष्कळ बोलले जाते. त्यांनी नदीची रुंदी किती घेतली, हे आधी विचारायला हवे.