काडीमोडीपासून पोटगीपर्यंत

घटस्फोट ही इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेली गोष्ट आहे, असे आपल्याकडे वर्गात सर्रास शिकविले जाते. पांढरपेशांचा इतिहास म्हणजेच समाजाचा इतिहास, असे मानणाऱ्यांना ते पटेलही. पण कोयनाकाठच्या वाड्यावस्त्यांतून काडीमोड, सोडचिठ्ठी, पाट, मोहतूर हे शब्द कोर्टाची पायरी माहीत होण्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहेत. १८२७ साली आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या रूढींचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यात पाटाची आणि सोडचिठ्ठीची नोंद आहे. ज्यांना शास्त्राने शूद्र-अतिशूद्र ठरविले, त्यांच्यात न पटणारे लग्न मोडता येत होते. आणि नेमके हेच त्यांच्या हीनपणाचे लक्षण म्हणून दाखविले जात होते.

इंग्रजी न्यायालये आली तेव्हा या रूढीचे काय झाले? नवऱ्याच्या संमतीने मिळालेली सोडचिठ्ठी न्यायालये बहुधा मान्य करीत. परंतु बाईने आपण होऊन नवरा सोडावा आणि दुसरा करावा, ही रूढी १८६४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अनीतीची ठरविली. १८७६ साली त्याच न्यायालयाने सांगितले, की लग्न रद्द ठरविण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. म्हणजे रूढीतला पुरुषाच्या सोयीचा भाग टिकला आणि बाईच्या हाती असलेला तेवढा गळाला.

१८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याचेही तसेच. ज्यांच्यात विधवेचे लग्न निषिद्ध होते त्यांना त्याने वाट दिली, हे खरे. पण पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्क त्याने काढून घेतला. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने, ज्या जातींत असा विवाह पूर्वापार रूढ होता त्यांनाही हे कलम लावले. शिवाय आईने दुसरे लग्न केले, की मृत नवऱ्याच्या नातेवाइकांना मुलांसाठी तिच्याऐवजी दुसरा पालक मागता येई. सुधारणेच्या कायद्यात मुलाची किंमत आईने अशी मोजायची होती.

म्हणून जुनी रूढी सोन्याची होती असे मी म्हणणार नाही. पंचायतीत बसत ते पुरुषच. दंड आणि जेवणावळ दिल्याशिवाय मोकळीक नव्हती. आणि पोरे बहुधा बापाच्या भावकीत राहात. माझ्या आजीचा पाट लागला होता. पहिल्या घरी राहिलेला तिचा लेक आमच्याकडे एकदाच आला. वस्तीबाहेरच्या आंब्याखाली तिला भेटून संध्याकाळच्या आत परत गेला. काडीमोडीने तिला माणूस म्हणून दुसरी संधी दिली, पण लेकरू दिले नाही. तेव्हा कायदा हवाच होता. प्रश्न कोणाच्या बाजूने, एवढाच.

या प्रश्नाला पहिले नेमके उत्तर बाबासाहेबांनी दिले. शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या संस्थानात घटस्फोटाचा कायदा केला होता. मुंबई प्रांतात १९४६ साली द्विभार्या प्रतिबंधाचा आणि १९४७ साली घटस्फोटाचा कायदा झाला. पहिल्या कायद्याला आव्हान मिळाले तेव्हा, १९५१ साली, तो वैध ठरविणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक, प्र. बा. गजेंद्रगडकर, साताऱ्याचे. हिंदू कोड बिलावर 'घटस्फोटाने धर्म बुडेल' अशी ओरड झाली तेव्हा बाबासाहेबांनी सभागृहात दाखवून दिले, की बहुसंख्य हिंदूंत रूढीने घटस्फोट आहेच. मग मूठभरांचा नियम सर्वांवर का लादायचा? बिल रखडले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट आला, तो या पायावर. त्याच कायद्याच्या कलम २९ ने रूढीचा घटस्फोटही राखून ठेवला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. पण १९५६ नंतर ज्यांनी जुन्या रूढी सोडल्या, त्यांनी कोर्टात कोणती रूढी सिद्ध करायची? मुद्रांकावर सह्या करून घेतलेली फारकत तालुक्याच्या गावी आजही लिहिली जाते. रूढी सिद्ध झाली नाही तर तो कागद घटस्फोट ठरत नाही, आणि ते बाईला कळते ते फार उशिरा.

पाटण तालुका मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवीत आला. नवरा चाळीत, बायको डोंगरात. मनिऑर्डर थांबली की संसार मोडल्याचे समजे. १९८२ च्या संपाने कितीतरी मनिऑर्डरी थांबल्या. त्यांतल्या काही कायमच्या. मुंबईत दुसरे घर झाले, तर त्या दुसरीचीही गत वेगळी नव्हती. पहिली बायको हयात असता लग्न लागलेली बाई पोटगीच्या कलमात 'पत्नी' नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ठरविले. पहिले लग्न लपवून फसविणाऱ्या नवऱ्याला याचा फायदा मिळणार नाही, हे सांगायला २०१३ साल उजाडले. मुलांची पोटगी मात्र आईबापांच्या लग्नाच्या वैधतेवर अवलंबून नाही, हे ध्यानात ठेवावे.

पोटगीवर दरमहा पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती. ती २००१ साली उठली. मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप आणि 'त्याच्यानंतर' आई, असे १९५६ चा कायदा सांगतो. गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ साली या शब्दाचा अर्थ 'त्याच्या अनुपस्थितीत' असा लावला गेला. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहावे, हे कायद्यातच आहे.

१९८४ च्या कायद्याने दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत कुटुंब न्यायालय बंधनकारक केले. इतरत्र ते सरकारच्या मर्जीवर. तालुक्याच्या बाईला म्हणून पोटगीसाठी एक दार आणि ताब्यासाठी दुसरे दार ठोठवावे लागते, आणि प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते. माझ्या वर्गातल्या मुली प्रवेशअर्जावर वडिलांचे नाव लिहितात, फी आईच्या मजुरीतून भरतात.

आपल्या कार्यकर्त्यांना मोर्चा काढता येतो. पोटगीचा अर्जही लिहिता आला पाहिजे. बाई राहते तिथेच तो करता येतो. थकलेली रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या कलम १२५ च्या जागी नव्या संहितेचे कलम १४४ आले आहे. हे वस्तीवस्तीत सांगावे. आणि ज्या म्हाताऱ्यांनी काडीमोड पाहिली आहे, त्यांच्या तोंडचे विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे. कलम २९ खाली रूढी सिद्ध करायची वेळ येते तेव्हा अशा साक्षीचा उपयोग होतो, आणि ती साक्ष देणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.