गॅसवरच्या गाडीचा ‘पिकअप’

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतून मोटारीने ठाण्याला जायचे तर महामार्गाला लागून वर्सोव्याचा खाडीपूल ओलांडावा लागतो आणि मग घोडबंदरच्या रस्त्यावर गायमुखचा घाट येतो. घाट तसा लहानच. पण या वाटेने नेहमी जाणाऱ्या चालकांचे एक मत पक्के असते : गाडी गॅसवर केली की पिकअप जातो, चढाला ती दम खाते. ज्याला आपली दणकट, वेगवान गाडी गॅसवर करून घ्यायची असते त्यालाही गॅरेजवाला आधी हेच ऐकवतो.

हे मत आले कुठून, याचा शोध घेतला तर आपण थेट दुसऱ्या महायुद्धात जाऊन पोहोचतो. आपल्याकडे मोटारी मोठ्या संख्येने गॅसवर धावू लागल्या त्या तेव्हा, आणि तेव्हा हे मत अगदी खरे होते. पुढे टाकीतला गॅस बदलला, मत मात्र तेच राहिले.

१९४१ साली हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. १९४२च्या पहिल्या काही महिन्यांत जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारे तेलही थांबले. लष्कराची भूक भागवून उरेल ते नागरिकांना, अशी स्थिती होती. त्या काळात मुंबई इलाख्यातल्या खासगी सर्व्हिस मोटारींच्या पाठीवर किंवा बाजूला एक उभा लोखंडी पिंप दिसू लागला. हीच ती कोळशाची गाडी. पिंपात लाकडी कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवून तो फुलवायचा, पण हवा मुद्दाम अपुरी द्यायची. कोळसा जळून आधी कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वरच्या तापलेल्या कोळशाच्या थरातून जाताना आणखी कार्बन घेतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. हा वायू जळतो. थंड करून, गाळून तो इंजिनात सोडायचा. क्लीनरचा सकाळचा अर्धा तास या पंख्यापाशी जाई. घाटात प्रवाशांनी खाली उतरायचे, प्रसंगी गाडीला हात लावायचा, हे तर जुन्या पिढीच्या आठवणींत ठरलेलेच. आणि कार्बन मोनॉक्साइड विषारी असल्याने बंद शेडमध्ये भट्टी पेटवणे म्हणजे जिवाशी खेळ होता.

इथे थोडे गणित करू. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून ते सहज करून घेता येईल, आणि पिकअपचा सगळा वाद त्यातून सुटतो.

इंजिनाच्या सिलिंडरचे आकारमान ठरलेले असते. म्हणजे, अ‍ॅव्होगाड्रोच्या नियमानुसार, प्रत्येक वेळी आत ओढल्या जाणाऱ्या हवा-इंधन मिश्रणाचे मोलही जवळजवळ ठरलेले असतात. तेव्हा प्रश्न एवढाच : अशा एक मोल मिश्रणातून किती उष्णता मिळते? पेट्रोलच्या जागी ऑक्टेन धरू. त्याच्या एका मोलला साडेबारा मोल ऑक्सिजन, म्हणजे सुमारे ५९.५ मोल हवा लागते, आणि जळताना सुमारे ५०६५ किलोज्यूल उष्णता मिळते. पेट्रोल बरेचसे थेंबांच्या रूपातच आत जाते, त्यामुळे त्याने व्यापलेली जागा सोडून देऊ. भागाकार येतो ८५ किलोज्यूल. आता प्रोपेन. एका मोलला २३.८ मोल हवा, उष्णता सुमारे २०४४ किलोज्यूल. पण प्रोपेन वायुरूपात येतो आणि स्वतः जागा अडवतो, म्हणून भागायचे २४.८ने. उत्तर ८२. हेच मिथेनसाठी, म्हणजे सीएनजीच्या मुख्य घटकासाठी केले तर ७६ येते. आणि कोळशाच्या वायूसाठी? त्यात ३० टक्के कार्बन मोनॉक्साइड, १० टक्के हायड्रोजन आणि उरलेला न जळणारा नायट्रोजन धरला, तर उत्तर जेमतेम ५६.

म्हणजे युद्धकाळातल्या चालकाची एक तृतीयांश ताकद नुसत्या रसायनशास्त्रातच जात होती. गाळण्यांतून वायू ओढण्यात आणि तो गरमच राहण्यात आणखी काही जाई. सीएनजीवर दहा टक्के घट येते, तीही घाटात जाणवेल. पण एलपीजीवर? तीन-चार टक्के. पायाला एवढा फरक कळला असे कोणी सांगितले तर आम्ही त्याला आधी एअर फिल्टर बघायला सांगू.

‘गॅस’ हा एकच शब्द आपण या तिन्ही वायूंना वापरतो, त्यामुळे तिघांचे गुणदोष एकमेकांच्या खात्यावर पडतात. सीएनजी सुमारे २०० बार दाबाखाली वायू म्हणूनच भरावा लागतो; त्याची पोलादी टाकी साठ किलोच्या घरात जाते आणि सगळी डिकी खाते. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्यूटेन शून्याच्या आसपास. थोड्याशा दाबाखाली दोघांचाही द्रव होतो. हाच सिलिंडर आपल्या स्वयंपाकघरात असतो.

गंमत अशी की या वायूचा शोधच मुळी मोटारीच्या तक्रारीतून लागला. १९१० साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये वॉल्टर स्नेलिंग या रसायनशास्त्रज्ञाकडे एका मोटारमालकाचे गाऱ्हाणे आले, की विकत घेतलेल्या पेट्रोलपैकी बरेचसे घरी पोहोचेपर्यंत उडून जाते. उडून जाते ते काय, हे पाहताना स्नेलिंगला त्यात प्रोपेन आणि ब्यूटेन सापडले. ते वेगळे काढून द्रवरूपात साठवण्याच्या पद्धतीचे पेटंट त्याने १९१३ साली घेतले.

मुंबईत चेंबूरजवळ माहुल-तुर्भ्याला १९५४ आणि १९५५ साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि त्यांच्या मागोमाग घरगुती गॅसही आला. बर्मा-शेलचा ‘बर्शेन’ अजून काहींना आठवत असेल. तोच पुढे भारत गॅस झाला. पण सिलिंडर मिळणे ही वर्षानुवर्षे चैनीचीच गोष्ट होती. चित्र पालटले ते समुद्रातल्या तेलवायूमुळे. १९७४ साली बॉम्बे हायचा शोध लागला, १९७६ साली त्याच्या पूर्वेला आणखी एक मोठे वायुक्षेत्र सापडले. त्याचे नाव ‘बसीन’, म्हणजे वसईच! वसईच्या नावाने ओळखला जाणारा हा वायू समुद्राखालच्या नळाने जातो मात्र गुजरातेतल्या हजिऱ्याला. बॉम्बे हायचा वायू उरणला येतो, तिथे त्यातून एलपीजी वेगळा काढतात.

गॅस मुबलक होऊ लागला आणि नेमक्या त्याच सुमारास, १९८४ साली, मारुतीची व्हॅन आली. इथून या इतिहासातले लाल सिलिंडरचे प्रकरण सुरू होते. घरगुती गॅसची किंमत सरकार मुद्दाम कमी ठेवत होते, पेट्रोल महाग होते. दोन किमतींमधली ही फट कोणाच्याही नजरेत भरण्यासारखी होती. व्हॅनच्या मागच्या सीटखाली चौदा किलोचा सिलिंडर आडवा ठेवायचा, रबरी नळी पुढे न्यायची, कार्ब्युरेटरवर एक मिक्सर बसवायचा. खटाटोप एवढाच. बेकायदा होता, पण गावोगाव चालत होता. आणि यांतल्या कितीतरी व्हॅन सकाळ-संध्याकाळ शाळेची मुले नेत-आणत होत्या.

यातला धोका केवळ ‘गॅस पेट घेतो’ एवढाच नाही. पेट्रोलही पेट घेते. घरगुती सिलिंडर शेगडीसाठी बनवलेला आहे. त्यात वरच्या बाजूने फक्त वाफ बाहेर येते आणि द्रवाची वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून मिळते. एका बर्नरला तासाला दीडदोनशे ग्रॅम गॅस लागतो. मोटारीला दोन-तीन किलो. एवढी वाफ झरझर काढली की सिलिंडर गारठतो, बाहेरून दव धरतो, आतला दाब उतरतो आणि गाडी अडखळते. मग चालक काय करतो? सिलिंडर उलटा करतो, म्हणजे नळीत द्रवच येतो, किंवा सिलिंडरवर गरम पाणी ओततो. दोन्ही उपाय अपघाताला आमंत्रण देणारे. शिवाय एलपीजीची वाफ हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळती झाली तर ती वर निघून जात नाही, गाडीच्या तळाशी, मुलांच्या पायांपाशी साचते.

वासाबद्दल एक आडवळणाची गोष्ट सांगायला हवी, कारण ती एका शाळेची आहे. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत तळघरात नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला आणि सुमारे तीनशे मुले व शिक्षक मरण पावले. त्या वायूला वास नव्हता, म्हणून कोणाला काही कळले नाही. त्यानंतर वायूत दुर्गंधी द्रव्य मिसळणे सक्तीचे होत गेले. आपल्या सिलिंडरचा तो कुजका वास एथिल मरकॅप्टनचा. अगदी अल्प प्रमाणातही नाकाला तो कळतो.

योग्य रीतीने गॅसवर केलेली मोटार कशी असते? टाकी जाड पोलादाची, बहुधा स्टेपनीच्या जागी बसणारी कड्याच्या आकाराची. ती ८० टक्क्यांच्या वर भरूच नये अशी झडप तिच्यात असते, कारण उन्हात द्रव प्रसरण पावतो आणि त्याला जागा लागते. झडपांभोवती हवाबंद डबा असतो आणि त्यातून वायू बाहेर सोडणारी नळी गाडीच्या खाली उघडते. टाकीतून द्रव काढला जातो आणि त्याची वाफ होते ती इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणाऱ्या व्हेपोरायझरमध्ये. रेडिएटरमध्ये फुकट जाणारी उष्णता इथे कामी येते; म्हणजे गारठण्याचा प्रश्नच संपला. इंजिन बंद पडले की विजेवर चालणाऱ्या झडपा आपोआप मिटतात. इटलीत ही विद्या १९५०च्या दशकापासून रुळलेली होती, आणि आपल्याकडे आलेले बरेच संच इटालियन बनावटीचेच होते.

आपल्या कायद्याने एलपीजीवरच्या मोटारीला मान्यता दिली ती मोटार वाहन कायद्यातल्या २०००च्या दुरुस्तीने. पुढच्या वर्षी वापराचे नियमही आले. टाक्यांना मंजुरी देणारी स्फोटके-सुरक्षा यंत्रणा नागपुरात आहे. कायदा एवढ्या उशिरा का आला? आमच्या मते त्याला ढकलले ते शहरांतल्या धुराने. दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली दिला होता. मुंबईत ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’च्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १९९९ साली परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांची समिती नेमली आणि त्यातून जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनावर जाणे भाग पडले. काळ्यापिवळ्या पद्मिनींच्या डिकीत सिलिंडर आला, सामान टपावरच्या कॅरिअरवर गेले. टॅक्सींनी बहुतांशी सीएनजी निवडला, कारण उरणचा वायू नळाने मुंबईत आलेला होता आणि तो स्वस्त होता.

लाल सिलिंडरचे प्रकरण ओसरले तेही मुख्यतः किमतीमुळेच. २०१२ साली स्वस्त सिलिंडरांच्या संख्येवर मर्यादा आली, २०१५पासून अनुदान थेट बँकेत जमा होऊ लागले. फट बुजत गेली तसा धंदा आटला. छाप्यांनी जे साधले नव्हते ते बऱ्याच अंशी हिशेबाने साधले. तरीही पेट्रोल भडकले की एखाद्या गल्लीत छोट्या पंपाने घरगुती सिलिंडरातून गाडीत गॅस भरताना स्फोट झाल्याची बातमी येतेच.

आता राहिला दणकट गाडीचा प्रश्न. १९९०च्या दशकाच्या आरंभी आपले साधे पेट्रोल ८७ ऑक्टेनचे होते, तेही शिसे मिसळून. शिसे देशभरातून गेले २०००च्या आरंभी. प्रोपेनचा ऑक्टेन अंक मुळातच ११०च्या आसपास, शिशाशिवाय. ऑक्टेन अंक जास्त म्हणजे मिश्रण अधिक दाबले तरी अवेळी पेट घेत नाही, ठोके पडत नाहीत. आदर्श ऑटो चक्राच्या सूत्रात दाबाचे गुणोत्तर ८ ऐवजी १० घालून पाहा : कार्यक्षमता ५६.५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर जाते, म्हणजे मूळच्या सहा टक्क्यांहून अधिक वाढ. गॅसमुळे गेलेले तीन-चार टक्के भरून निघतात आणि वर काही उरते. खऱ्या इंजिनात आकडे कमी पडतील, पण दिशा हीच.

मग हे कोणी केले का नाही? कारण मालकाला पेट्रोलही हवे असते. गॅसचा पंप नाही मिळाला तर एका बटणाने पेट्रोलवर जाता आले पाहिजे. दाब वाढवलेल्या इंजिनात साधे पेट्रोल ठोके देईल, म्हणून इंजिन पेट्रोलचेच ठेवायचे आणि त्यावर गॅस पाजायचा. दोन डगरींवर हात. स्पार्कची वेळ गॅससाठी थोडी अलीकडे आणायची असते, तीही अनेक ठिकाणी पेट्रोलचीच ठेवली जात असे. टर्बोच्या गाडीत मात्र हा पेच थोडा सैल होतो, कारण दाब टर्बोने वाढतो आणि संगणक इंधनागणिक स्पार्कची वेळ बदलू शकतो. पण नव्या गाड्यांत पेट्रोलची पिचकारी थेट सिलिंडरमध्ये उघडते. गॅसवर धावतानाही तिचे टोक थंड ठेवण्यासाठी थोडे पेट्रोल सोडत राहावे लागते.

बीएस-६ पेट्रोल गाड्यांवर संच बसवायची परवानगी २०२२ साली मिळाली. रस्त्यावर बहुमत आता सीएनजीचे आहे. म्हणजे गायमुखच्या घाटात पिकअप गेल्याची तक्रार करणाऱ्याच्या गाडीत बहुधा मिथेन असणार, आणि त्याच्यापुरते ते दहा टक्के खरेच गेलेले असतात.